निलंग्याहून आलेला दुसरा डबा

परवा बायकोनं गरम धपाटी फडक्यात बांधली आणि त्या वासासरशी मी लातूरच्या बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. निलंग्याच्या एसटीनं रोज सकाळी माझा घरचा डबा यायचा. रूममेट देगलूरचा, त्याला इतक्या लांबून डबा येणार कसा? नापास होण्याच्या धास्तीनं तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि गुटख्यानं भूकही मारून टाकली होती. मी आईला फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच स्टँडवर नेलं, तर कंडक्टर दारातूनच ओरडला, "देगलूरचं पोरगं कोन हाय? आधी तोंडातलं थुंक, मग डबा. तुझ्या मायनं सांगितलंय." हा गोंधळला. "माझी माय तर देगलूरला हाय!" "मग निलंग्याला बी एक हाय म्हन की!" सगळा स्टँड हसला. कितीतरी दिवसांनी तोही हसला, नळावर चूळ भरून आला आणि तिथंच बाकावर बसून त्यानं डबा चाटूनपुसून संपवला. गुटखा सुटायला पुढं डॉक्टर लागले, वर्षही लागलं. परवा त्या वासावरून त्याला फोन लावला, तर म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे, आधी मायला दे फोन."