मंगलताईंची काळी स्क्रीन

निघोज्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये बिघाडाच्या स्लिपा लिहायचं काम माझ्याकडे आहे. स्लिपवर बिघाडाला जागा एक ओळ. ‘मॉनिटर बंद’ एवढं लिहिलं की ती भरते. त्या बंद मॉनिटरभोवती चार माणसं काय बोलली, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून मी घरी येऊन वहीत उतरवतो. परवा मित्रांना त्यातला एकच आठवडा वाचून दाखवला, तर चहा दोनदा सांगावा लागला.

*

आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. ब्रॅकेटची मापं घेणारं एक जुनं मशीन आहे. त्याची सुई भोकाच्या कडेला टेकली की ‘टिक’ वाजतं आणि माप कॉम्प्युटरवर उमटतं. पंधरा वर्षं त्यावर मंगलताई बसतात, निघोज्याच्याच. बुधवारी त्यांचा मागं पोट सुटलेला मॉनिटर काळा पडला.

आमच्याकडे बिघाड झाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, अशी पद्धत आहे. आमचे मॅनेजर पाटीलसाहेब फळ्यापाशी उभे राहिले.

“स्क्रीन काळी का?”

मेंटेनन्सचा गायकवाड म्हणाला, “आतला बोर्ड गेलाय.”

“का गेला?”

“जुना झालाय.”

“मग बदलला का नाही?”

“मागणी अर्ज मंजूर नाही.”

“का नाही?”

“तुमची सही राहिलीय.”

साहेबांनी खडू खाली ठेवला. “चार ‘का’ पुरेत.”

*

सही राहिल्याचं साहेबांना लागलं असावं. गुरुवारी त्यांनी स्वतःच्या केबिनमधला चपटा, रुंद मॉनिटर काढून मशीनला जोडायला लावला. लागला, पण जुनं सॉफ्टवेअर त्यावर आडवं ताणलं गेलं. साहेबांनी स्क्रीनवर ब्रॅकेटचं चित्र पाहिलं आणि ते हादरलेच. गोल भोक अंड्यासारखं!

“लाइन थांबवा. सगळ्या मालाला रिजेक्टचे लाल टॅग लावा.”

आम्ही तासभर टॅग बांधत होतो. शेवटच्या क्रेटपाशी मंगलताई आल्या. त्यांनी हातातला मापाचा गोल गेज भोकात घातला. तो अलगद बसला.

“साहेब, भोक गोलच हाय. तुमचा टीव्ही रुंद हाय.”

*

साहेबांचा पारा चढला. त्यांनी मॉनिटर केबिनमध्ये परत नेला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आपण ज्यांना माल देतो त्या कंपनीचे इन्स्पेक्टर सोमवारी येतायत. तोवर जुना चालू झाला तर ठीक. नाहीतर मशीन भंगारात. मापं बाहेरच्या लॅबमधून घेऊ. मंगलताई, तुम्ही पॅकिंगला.”

पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं.

“साहेब, माझं गुडघं आधीच रिजेक्ट झाल्यात,” ताई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

*

शनिवारी मी आणि गायकवाड मॉनिटर गोधडीत गुंडाळून स्कूटरवरून थेरगावला सलीमभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. सगळे ज्याला ‘फेकून द्या’ म्हणतात, ते सलीमभाई दुरुस्त करतात. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि चिमटीत काहीतरी धरलं. तांदूळ. मग आणखी तांदूळ. त्याखाली हळद-कुंकवाचा घट्ट थर.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा होते. मॉनिटरवरही अक्षता पडतात, आणि त्याच्या डोक्यावर हवेच्या फटी असतात.

“राव, सात-आठ दसरे निघाले यातून,” सलीमभाई म्हणाले. “इथून पुढे पूजा बाहेरून करा. आतली मी करतो.”

रविवारी त्यांनी तो लावून दाखवला. “चालेल. किती दिवस, ते विचारू नका. त्याचं वय झालंय.”

“नवा घ्यावा का मग मंगलताईंना?” मी विचारलं.

“ते बाईंना विचारा. बसायचंय त्यांना.”

*

सोमवारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी बॅगेतून आमचाच एक ब्रॅकेट काढला. त्याची मापं त्यांनी आधीच घेऊन कागदावर लिहून आणली होती. “याची मापं काढून दाखवा,” म्हणाले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

ताईंनी ब्रॅकेट मशीनवर बांधला. दोन भोकं झाली. तिसऱ्याला स्क्रीन थरथरली आणि काळी पडली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गायकवाडकडे पाहिलं. गायकवाड छताकडे बघत होता.

ताई थांबल्या नाहीत. सुई सरकवायची, ‘टिक’ ऐकायचं, दोन बटणं दाबायची, पुढचं भोक. नजर त्या काळ्या काचेवरच. एकदा ‘टिक’ त्यांना पसंत पडलं नसावं. मागं जाऊन तेच भोक पुन्हा घेतलं. बारावं, शेवटचं झालं, आणि प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर टाकू लागला.

इन्स्पेक्टरांनी तो आपल्या कागदाशेजारी ठेवला आणि पेनाने एकेक ओळ जुळवत खाली आले. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

“सगळी जुळतायत. पाटीलसाहेब, हे मशीन आणि या बाई, दोन्ही इथंच राहू द्या.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ताबडतोब मागणी अर्ज मागवला, खिशातलं पेन काढलं आणि त्या काळ्याच मॉनिटरवर हात ठेवून त्याच्या समोरच उभे राहिले.

“बोला ताई, नवा मागवू की हाच पुन्हा दुरुस्त करू?”

ताईंनी दुसरा ब्रॅकेट बांधायला घेतला होता.

“ते तुमी ठरवा, साहेब. पण जरा बाजूला सरका. मला दिसत न्हाई.”