ठिपका हलला होता

कपाटात ठेवलेली वस्तू खराब होत नाही, असं आमच्या हेडमास्तरांचं ठाम मत होतं. मला विचाराल तर ती तिथंच खराब होते. तासगावच्या आमच्या मुलींच्या शाळेला कुणा भल्या माणसानं अडीच इंची दुर्बीण भेट दिली होती. मी विज्ञान शिकवायला साताऱ्याहून तिथं रुजू झाले, तेव्हा ती लोखंडी कपाटात जाऊन चार वर्षं झाली होती. दरवर्षी तपासणीला पेटीचं झाकण उघडायचं, डेडस्टॉक रजिस्टरात 'आहे' अशी खूण करायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. एवढाच काय तो तिचा उपयोग.

वर्षभर मी सरांच्या मागे भुणभुण लावली. पंचाहत्तर सालच्या दिवाळीआधी ते एकदाचे वैतागले. "न्या बाई, न्या. पण जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्यावर काहीतरी मांडायचं. बक्षीस आलं तर ती तुमच्या ताब्यात, मुलींना हवी तेव्हा दाखवा. नाही आलं तर परत कपाटात, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. बक्षिसाचं मला काय कौतुक! दुर्बीण बाहेर राहावी, एवढंच हवं होतं.

मी लघुग्रह निवडला. भिंगातून तो साध्या ताऱ्यासारखाच दिसतो, नुसता बघून मोठमोठ्यांना ओळखता येत नाही. ओळखायची युक्ती एकच. आज दिसतील तेवढे तारे कागदावर ठिपक्यांनी मांडायचे, तीन दिवसांनी पुन्हा मांडायचे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. तारे जागच्या जागी असतात. जो ठिपका सरकला, तो लघुग्रह.

नववीच्या पाच मुली दिवेलागणीनंतर शाळेच्या गच्चीवर यायच्या. बांगडी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली की वर्तुळ तयार. बॅटरीला लाल पतंगाचा कागद, उजेडानं डोळे दिपू नयेत म्हणून. एकीच्या घरी द्राक्षबाग होती. ती फवारणीचं मोरचूद कालवून थेट गच्चीवर यायची, म्हणून आमच्या प्रत्येक कागदावर तिच्या अंगठ्याचा निळा ठसा. दुसरा कागद पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा हीच पोरगी ओरडली, "बाई, ह्यो हाललाय की वो!" मग पाचही जणींनी गच्चीवर असा धिंगाणा घातला, की खालून शिपाई काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप निघाला.

असे पाच कागद झाले. दर वेळी तो ठिपका थोडा पुढे गेलेला. पण आमच्याकडे पद्धत अशी, की कुठलंही काम आधी रफ आणि मग फेअर. फेअर केल्याशिवाय शाळेच्या बाहेर काही जायचं नाही. आणि तक्ते फेअर करण्याचा मान चित्रकलेच्या सरांचा. माणूस देवासारखा, अक्षर तर मोत्यासारखं, तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. ते कागद घरी घेऊन गेले आणि थेट प्रदर्शनाच्या सकाळी, सांगलीला निघताना, मूळ कागद आणि गुंडाळलेला तक्ता त्यांनी माझ्या हातात दिला.

सांगलीत हॉलमध्ये मी तो उलगडला. काळ्याभोर कागदावर पांढऱ्या रंगात पाच वर्तुळं. सुबक, देखणी. आणि पाचही अगदी सारखी!

"सर, हे काय केलंत?"

"तुमच्या मुलींचा एक ठिपका दर वेळी चुकत होता," ते हसून म्हणाले. "मी सगळीकडे एका जागी घेतला. आता बघा कसं जमलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, पंधरा दिवस पाच पोरींनी थंडीत माना मोडून जे टिपलं, ते तुम्ही एका रात्रीत सुधारून टाकलंत? तो ठिपका चुकत नव्हता हो, चालत होता! हे सगळं मी हॉलमध्ये चारचौघांत मोठ्यानं बोलले. त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी थांबले नाही. आजही त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

परीक्षक आले. मी पिशवीतून मूळ कागद काढून पुढे केले. त्यांनी ते दोन बोटांत धरले, निळे ठसे पाहिले, नाक मुरडलं. "बाई, हे रफ आहे. फेअर दाखवा." फेअर पाहिल्यावर म्हणाले, "एकच चित्र पाच वेळा कशासाठी?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ते पुढच्या टेबलापाशी. बक्षीस मातीच्या धरणाला गेलं. त्यातून पाणीसुद्धा सुटत नव्हतं.

दुर्बीण कपाटात गेली.

मार्चमध्ये धूमकेतू आला. पहाटे पूर्वेला असा लांब पिसारा उठायचा, की धारा काढायला उठलेली माणसं चरव्या तशाच ठेवून बघत राहायची. कुणी शेंडेनक्षत्र म्हणून हात जोडायचं, कुणी बोटं मोडायचं. एका पहाटे माझ्या दारात पोरी उभ्या. पाच नव्हे, चाळीसेक. "बाई, दुर्बीण काढा की!"

शाळेत गेलो. शिपाई म्हणाला, "किल्ली हेडसरांकडं हाय, आन् सर लग्नाला गेल्यात. परवा येतील, तवा बघा."

परवा! धूमकेतू काय सरांची वाट बघत थांबणार होता? घंटा बडवायचा लोखंडी दांडा मी हातात घेतला आणि तिसऱ्या घावाला कुलूप तोडलं. उजाडेपर्यंत चाळीसही जणींनी पाहिलं. शेवटी शिपायानं डोळा लावला. "लय भारी हाय वो बाई," म्हणाला, आणि बाजूलाच होईना.

सर आले. कपाटाला दुप्पट मोठं कुलूप आलं आणि मला कारणे दाखवा नोटीस. मी त्या निळ्या ठशाच्या कागदांतला एक घेतला, त्याच्या पाठीमागे लिहिलं, 'दुर्बीण बघण्यासाठी असते म्हणून काढली. पुन्हा गरज पडली तर पुन्हा काढीन,' आणि दिला. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. खाली लाल शाईत शेरा होता: 'फेअर करून द्यावे.'

तो कागद माझ्याकडेच आहे. फेअर करून मी अजून दिलेला नाही.