स्कूटरची किल्ली

खारघरला आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणारे सर कात्री वापरत नाहीत. कुरिअर असो की फरसाणाचं पाकीट, खिशातून स्कूटरची किल्ली काढतात आणि भसकन खुपसतात. बोलणंही तसंच. "तुटलं म्हणजे तुटलं. कारणं नकोत." मला त्यांची जरा धास्तीच वाटते.

दरवर्षी ते मुलांची पॅकिंगची स्पर्धा घेतात. तळलेला पापड खोक्यात भरायचा आणि खोकं तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकायचं. पापडाला तडा गेला की शून्य. यंदा मुलांनी थर्माकोल, बबल रॅप, काय काय लावलं होतं. तरी प्रत्येक खोक्यातून चुराच निघत होता, आणि सर शून्य देत पुढे सरकत होते.

दिवाळे गावाहून येणाऱ्या एका मुलीने खोक्यात नुसते कुरमुरे ठासून भरले होते. तेही वरून खाली पडल्यावर सरांनी सवयीने झाकणात किल्ली घुसवली. आत कट्कन आवाज झाला. पापडाच्या मधोमध किल्लीएवढं भोक होतं, बाकी कडेचा टवकाही उडालेला नव्हता.

मुलीने मान खाली घातली. "शून्य ना, सर?"

सर किल्लीकडे बघत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचा पापड शाबूत होता. मी तोडला. पहिला नंबर हिचा."

काल त्यांचं कुरिअर आलं. किल्ली अर्धी बाहेर काढून त्यांनी परत खिशात टाकली.

"मॅडम, कात्री आहे का?"