ज्या विहिरीचं त्या विहिरीला

धन्यकुमार पाटलासारखा नेमस्त माणूस कृष्णाकाठच्या त्या गावात दुसरा नव्हता. मुंगी दिसली तरी वाट वाकडी करून जाणारा. पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची, आणि तोही हसायचा. उसाला बेसुमार पाणी पाजून तिथल्या जमिनीत मीठ फुटलं, विहिरी मचूळ झाल्या. तेव्हा गावाने पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं ते धन्यकुमारच्या विहिरीवर, आणि चालवायलाही त्यालाच दिलं.

यंत्र म्हणजे दोन उंच टाक्या, आत मोहरीएवढे राळेचे मणी. मचूळ पाणी त्यांतून उतरताना मणी खार धरून ठेवतात आणि खालून गोडं पाणी येतं. मणी भरले, की एक टाकी ॲसिडने धुवायची, दुसरी कॉस्टिक सोड्याने. मग धरलेला खार सुटून धुवणात येतो. हे धुवण लांबच्या खड्ड्यात सोडा, असं यंत्र बसवणाऱ्यांनी बजावलं होतं. पण खड्डा पाझरला आणि शेजारच्या दादासोचा ऊस पिवळा पडला. दादासो बांधावर येऊन नाही नाही ते बोलून गेला.

धन्यकुमारला जेवण जाईना. आपल्या हातून दुसऱ्याचं वाटोळं! मग त्याला आईची शिकवण आठवली. जैनाच्या घरात पाणी गाळून पितात, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत हळूच सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. मग खारही ज्या विहिरीचा त्याच विहिरीला का देऊ नये? दोन्ही धुवणं एकत्र केली की ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांना मारतात, हे त्याने रंग बदलणारा लिटमसचा कागद बुडवून पाहिलं होतं. त्याने पाइप विहिरीकडे वळवला. वडिलांनी विहिरीत सोडलेलं कासव तेवढं वर येऊन बघून गेलं. ॲसिड-कॉस्टिक मेले तरी मागे मीठच उरतं, हे मात्र या भल्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे मणी लवकर भरू लागले. आठवड्याने धुवायचे ते दिवसाआड धुवावे लागले. मणी म्हातारे झाले म्हणून त्याने नवे मागवले. आजार रेड्याला आणि डाग पखालीला! विहिरीचं पाणी चाखून बघावं असं कुणाच्याच मनात आलं नाही, कारण सगळा गाव टाकीचं पीत होता.

यंदा विहार करत एक दिगंबर मुनी गावात आले. धन्यकुमारच्या बायकोची, विजयमालाची, जन्माची एकच आस होती, की आपल्या घरी महाराजांचा आहार व्हावा. महाराजांनी मिठाचा आजन्म त्याग केलेला. आहाराला यंत्राचं पाणी चालत नाही, विहिरीचं जरा मचूळ असलं तरी चालतं, म्हणून तिने सोवळ्याने विहिरीचं पाणी शेंदलं, गाळलं, उकळलं. आहाराआधी काही चाखायचं नसतं. तिने चाखलं नाही. "नमोस्तु" म्हणत दोघं दारात उभी राहिली, आणि महाराज खरंच त्यांच्यापुढे थांबले. विजयमालाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पहिली ओंजळ पाण्याची. महाराजांनी घोट घेतला आणि जुळलेले हात सोडून दिले. आहार मोडला. आता उद्यापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. कमंडलू घेऊन ते उन्हात निघून गेले.

"आवं, माझ्या हातनं मीठ पडलं का वो?" विजयमाला भिंतीला टेकून म्हणाली. "डबा तर मी कालच बाहीर ठेवलावता."

धन्यकुमारने तपेल्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि त्याला ते गिळवेना. दिवसाआड भरणारे मणी आता कुठे त्याच्या ध्यानात आले. असा शरमेने तो जन्मात कधी मेला नव्हता.

"तुझा हात न्हाई गं. माझा हाय," तो म्हणाला, आणि त्याने पाइपचं सगळं सांगितलं.

ती उठून विहिरीवर गेली. तोही मागोमाग गेला. बराच वेळ ती कठड्यावरून खाली बघत होती.

"आवं," ती हळूच म्हणाली, "ह्यातलं कासव कवा दिसलंवतं तुमास्नी?"

धन्यकुमार वाकला. पाणी नितळ होतं, पार खालपर्यंत दिसत होतं. त्यात काहीच हलत नव्हतं.