शिंगवाल्या सशाची साक्षीदार

शिंगवाला ससा मी कधी पाहिला नाही. पाहिला तो साधा ससा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. दुपारची भाकरी घेऊन मी रानात गेले होते. तुरीतून ससा उठला, आमच्या ह्यांनी पायातली चप्पल काढून फेकली, ससा पळाला आणि चप्पल तुरीत हरवली. ती शोधेपर्यंत भाकरी वाळून गेली. घडलं ते एवढंच.

पुढच्या दिवाळीला आम्ही मंठ्याला माझ्या माहेरी गेलो. जेवता जेवता हे माझ्या भावांना सांगायला लागले, "मी शिकारीला गेल्तो. ससा उठला, बघतो तर डोक्यावर शिंग! एकच, पण नांगराच्या फाळावानी. उपरण्यानं बांधला त्याला, तर गड्यानं मलाच ओढत नेलं. शिंग जमिनीत रुतलेलं, मी मागं लटकलेलो. पार दुधना नदीपर्यंत नांगरल्यावानी तास पडलं. लोकांनी त्याच्यात ज्वारी पेरली!"

भाऊ हसून लोळले. एकानं मला विचारलं, "खरं का, ताई?" समोर वडील बसलेले. चार माणसांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी मान डोलावली.

तेव्हापासून मी साक्षीदार झाले. बाजारात, पारावर, लग्नाच्या मांडवात ससा वाढतच गेला. एकदा त्यानं शिंगावर मेंढरू उचललं. एकदा एसटी अडवली, आणि कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. आमची मुलं मोठी झाली, शहरात गेली, तरी सशाचं चालूच. मी एकदा म्हटलं, "अहो, पुरे आता. केस पिकले." तर म्हणाले, "मी काय कुणाचं वाईट करून राह्यलो का?"

मागच्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या बाजारात कुणीतरी ह्यांची गोष्ट मोबाईलवर घेतली. ती फिरत फिरत कुठं गेली देव जाणे. एका सकाळी मी अंगणात तूर पाखडत होते, तर दारात मोटारसायकल थांबली. वनखात्याचा माणूस होता. वयानं आमच्या मुलाएवढा, बोलायला नरम. बाजेवर बसला, पाणी प्याला आणि मोबाईल ह्यांच्यापुढं धरला.

"काका, हे तुम्हीच ना? सशाची शिकार गुन्हा आहे. तक्रार आलीय."

ह्यांचा चेहरा उतरला. "साहेब, ससा... शिंगाचा होता तो."

"शिंगाचा असो, बिनशिंगाचा असो. मारला का?"

खोटं आहे सगळं, एवढंच बोलायचं होतं. ते ह्यांच्या तोंडातून निघेना, कारण तोवर अंगणात गाव गोळा झालं होतं. शेजारचे मेंढरंवाले बाबा काठी टेकत पुढं आले. "मारला न्हाई, साहेब. बिलकुल न्हाई. माझ्या डोळ्यादेखत सोडून दिला."

"शिंग बाभळीत अडकलं होतं," दुसरा म्हणाला. "आम्हीच तर काढलं."

मागून एक बाई म्हणाली, "मी हरभऱ्याचा पाला घातला त्याला. जाताना वळून बघितलं त्यानं."

सगळे ह्यांना वाचवायला धडपडत होते, आणि साहेब आणखीच गोंधळत होता. शेवटी तो माझ्याकडं वळला. "मावशी, तुम्ही सांगा खरं काय ते."

मी सूप खाली ठेवलं. "ससा आला अन् गेला. शिंग नव्हतं, शिकारही नव्हती. चप्पल तेवढी हरवली."

मग बाबा हळूच म्हणाले, "घाबरली बिचारी."

"घाबरले नाही. शपथ घेते."

"बघा साहेब, नवऱ्यापायी शपथा घेऊन राह्यली."

मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे खाली मातीत बघत होते. साहेबही माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत होता. मी चहा ठेवायला आत गेले.

चहा पिऊन साहेबानं कपाळाला हात लावला. "काका, ही गोष्ट परत कुठं सांगू नका. गंमत म्हणूनसुद्धा नको. वरून मलाच विचारतात."

"न्हाई सांगत. बराबर हाय तुमचं," हे हात जोडून म्हणाले.

आणि शब्द पाळला. पण पारावर आता दुसरेच ती गोष्ट सांगतात, आणि हे कडेला बसून ऐकतात. कुणी नदी बदलतं, कुणी उपरण्याचा दोर करतं. हे तोंड उघडतात, पुन्हा मिटतात. परवा तर कुणाकडं आलेल्या पाहुण्यानं सांगितलं, तो ससा धरणारा माणूस केव्हाच वारला म्हणे. हे त्याच्या शेजारीच बसलेले.

त्या दिवशी घरी आले ते ताटावर नुसते बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन शिंगं सांगतेत," म्हणाले. "अन् मी मेलो म्हणं."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "मंग कसं होतं ते सांगा की मला," मी म्हटलं.

थट्टा करते की काय म्हणून आधी माझ्याकडं बघितलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगायला लागले. मी चुलीपाशी बसून ऐकलं. मध्येच विचारलं, "मंग नदीत उतरला का तो?"

"दम तर धर," म्हणाले.