दोरीवरचा निळा शर्ट

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही बारामतीला एमआयडीसीच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते आणि त्या उन्हाळ्यात त्यांना सलग रात्रपाळी लागली होती. सकाळी यायचे, चार घास खायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. म्हणजे झोपायला बघायचे. कारण आमच्या मागच्या दाराला लागून एका बंगल्याचं बांधकाम निघालं होतं आणि सळया तोडायची ऐरण नेमकी आमच्या खिडकीखाली मांडलेली होती.

घणाचा एकेक घाव उशाशी बसायचा. हे कूस बदलायचे, डोक्यावर उशी घ्यायचे, पण तक्रार करायचे नाहीत. एका सकाळी मात्र बोटाला फडकं गुंडाळून घरी आले. मशीनपुढे डोळा लागला होता. हात वेळेवर मागे घेतला म्हणून नुसत्या नखावर निभावलं होतं. "थोडक्यात वाचलो," एवढंच म्हणाले आणि आडवे झाले. तेवढ्यात मागे घण सुरू झाला.

माझी जीभ माहेरापासून प्रसिद्ध आहे. पदर खोचून मी मागे गेले आणि मिस्त्रीसमोर तोंडाचा पट्टा सोडला. आज नख गेलंय, उद्या हात जाईल, तुम्ही भरून देणार का, असं बरंच काही. मिस्त्री पन्नाशीचा, काटक, हात सिमेंटने पांढरे झालेले. माझा दम संपल्यावर त्याने गड्याला घण खाली ठेवायला लावला आणि विचारलं, "दाजी कधी झोपत्यात?"

भांडायला आलेल्या माणसाला असं विचारू नये, सगळा जोरच जातो. मी सांगितलं, कधी आठला, कधी ओव्हरटाइम लागला तर दहाला. नेम नाही.

"मग आसं करा, ताई. त्ये झोपलं की त्यांचा कंपनीचा शर्ट मागच्या दोरीवर टाका. शर्ट दिसला की हितं लोखंड वाजनार न्हाय."

मी मान हलवली, पण विश्वास काही बसला नाही. बांधकामावरचा शब्द म्हणजे 'उद्या नक्की येतो', हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी निळा शर्ट दोरीवर टाकला आणि दाराआड उभी राहिले. मिस्त्रीने दोरीकडे पाहिलं. चौघांनी ऐरण उचलली आणि मोकळ्या प्लॉटांच्या पलीकडे बाभळीखाली नेली. तेव्हापासून सळया खांद्यावरून तिकडे न्यायच्या, तोडायच्या आणि परत वाहून आणायच्या. स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा ट्रॉलीतून धडाधड फेकायच्या, ही सगळीकडची रीत. त्याने जवळच्या फडातून उसाचं पाचट आणून हातभर जाड अंथरलं आणि प्लेटा त्यावर उतरवल्या. खिळे ठोकायचं काम शर्ट निघाल्यावर. काम रेंगाळतंय म्हणून बंगल्याचा मालक कुरकुरला, तेव्हा मिस्त्रीचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं. "शेजाऱ्याचा हात तुटला, तर ह्या घरात घास ग्वाड लागंल का, मालक?"

ह्यांना झोप लागायला लागली. त्या माणसाचं मला इतकं कौतुक वाटायचं की मी येईल-जाईल त्याला ही गोष्ट ऐकवायचे.

आणि मग मीच माती खाल्ली. ह्यांच्या मावसभावाचं पळसदेवला लग्न निघालं. हे पाळीवरून आल्या आल्या सकाळची एसटी गाठायची म्हणून आम्ही पुढच्या दाराला कुलूप लावून धावत सुटलो. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. मागचं दार उघडलं, तर शर्ट दोरीवर तसाच. आणि भर उन्हात बायामाणसं खांद्यावर सळया घेऊन बाभळीकडे चाललेली.

 तशीच मिस्त्रीकडे गेले आणि सांगितलं, आम्ही गावाला होतो, घरात कुणीच नव्हतं, शर्ट सवयीने दोरीवर टाकला गेला. वाटलं, आता हा माणूस माझे सगळे शब्द व्याजासकट परत करणार.

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "म्हंजी दाजी बरं हायत न्हवं? शर्ट निघंना, तवा म्हटलं हात चिघळला का काय. हाक मारावी, तर झोपमोड व्हायची."

मला मान वर करवेना. घरात येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी मागे जाऊन शर्ट काढून आणला.

आठवडाभराने मिस्त्री पहिल्यांदाच पुढच्या दाराने आला. "उद्या स्लॅब हाय. मिक्सर काय गप बसत न्हाय. दाजींना एक दिस दुसरीकडं झोपाय जमंल का?"

"बघतो," हे म्हणाले. आणि त्यांनी त्या रात्रीची रजा टाकली.

सकाळी मिक्सर घरघरायला लागला. वर उभ्या मिस्त्रीने सवयीने आमच्या दोरीकडे पाहिलं. दोरी मोकळी होती. शर्ट ह्यांच्या अंगात होता आणि हे घमेल्यांच्या रांगेत तिसरे उभे होते.