भैरोबाच्या घंटेची कंडी

दुपारचं जेवण झालं की भालचंद्रराव ओतारी डाव्या कुशीवर होतात. झोपायला नव्हे, विचार करायला, असं ते सांगतात. घोरणं हा त्या विचाराचाच भाग असावा. आज विचार एकच आहे. छातीवर ‘ओतारी कुलवृत्तांता’ची शेवटची मुद्रितं उघडी पडली आहेत, पाच वाजता छापखान्यातून देवधरांचा फोन यायचा आहे, आणि पान एकोणतीसवर, घंटा ओतणाऱ्या बाळोबा ओताऱ्यांच्या नावाशेजारी त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव असं छापलं आहे: यमुना (परागंदा).

सकाळीच सोनूताई बोलून गेल्या. सोनूताई यमुनेच्या पाचव्या पिढीतल्या, वय एक्क्याऐंशी. दोन वर्षं त्यांचं एकच मागणं आहे, कंसातला तो शब्द काढा. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात तो शब्द वऱ्हाडाच्या आधी मांडवात येऊन बसलाय, असं त्या म्हणाल्या. एकदा पुस्तकात छापला की मग तो उठायचा नाही.

भालचंद्ररावांनी नेहमीचं उत्तर दिलं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस आधाराशिवाय स्वतःची जन्मतारीखही मानत नाही. आणि आधार तर हातात होता. तालुक्याच्या साप्ताहिकाचं अठराशे एकाहत्तरचं कात्रण: हिवरपेठच्या ओताऱ्याची बहीण तारेचे खांब पुरायला आलेल्या मुकादमाबरोबर पळून गेली. त्याच साप्ताहिकात हिवरपेठच्या आणखीही बातम्या सापडल्या होत्या. पाटलाच्या विहिरीला दूध लागलं. ओतारआळीत कोंबड्याने अंडं घातलं. त्या त्यांनी अर्थातच बाजूला काढल्या. कुलवृत्तांत म्हणजे काही जत्रेतला तंबू नव्हे.

डोक्यावर पंखा करकरतो. करकर जरा लांबते, थांबते, आणि पंखा श्वास घेतो. पंखे श्वास घेत नाहीत, हे भालचंद्ररावांना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे हा भाता आहे. पण भाता अभिलेख कक्षात कशाला, असा प्रश्न त्यांना पडतो, कारण ते अभिलेख कक्षात उभे आहेत. मांडण्यांवर कागदांच्या बस्त्यांच्या जागी मातीचे साचे आहेत, प्रत्येकाला लाल फीत. त्यांच्या जुन्या टेबलामागे उघड्या अंगाचा एक म्हातारा बसला आहे. त्याला भुवया नाहीत.

“कोण पाहिजे?”

“बाळोबा ओतारी. आपणच का?”

“काम सांग. मग ठरवतो.”

हे उत्तर भालचंद्ररावांना इतकं ओळखीचं वाटतं की म्हातारा आपल्याच रक्ताचा, याची निम्मी खात्री तिथेच पटते. उरलेल्या निम्म्यासाठी ते ओळखीचा पुरावा मागतात. म्हातारा तळहात पुढे करतो. हात भाजून गुळगुळीत झाला आहे, रेषा एकही नाही.

“होता पुरावा,” म्हातारा म्हणतो. “जळाला.”

मग तोच उलटतपासणी सुरू करतो. कोणी पाठवलं, सरकारने की दुसऱ्या ओताऱ्याने? कांशात कथील किती घालतो ते विचारायला आला असशील तर आल्या वाटेने जा. भालचंद्रराव सांगतात की आपण त्यांचेच खापरपणतू. म्हातारा त्यांच्या मऊ हातांकडे बराच वेळ पाहतो आणि पुरावा मागतो. भालचंद्ररावांकडेही तो नाही. दोघे एकमेकांवर सारखाच अविश्वास ठेवून बसतात, आणि त्यामुळे जरा मोकळेपणा येतो.

“यमुनेचं विचारायचं होतं, आजोबा.”

बाळोबा टेबलाचा खण ओढतात. आत मूस लालभडक झाली आहे आणि तिच्यात धातू रटरटतो आहे. खण ओढतच जातो, भिंत मागे सरकते, आणि आता ते ओतशाळेत आहेत. बाळोबा मुशीवरची नजर न काढता सांगतात.

घराची रीत अशी, की रस ओतायच्या आधी गावात एक कंडी पिकवायची. खोटं जितकं लांब जाईल तितका घंटेचा नाद लांब जातो. लहान घंटेला लहान थाप पुरते. विहिरीला दूध लागलं ते वाण्यांच्या देवळासाठी. कोंबड्याचं अंडं शाळेच्या घंटेसाठी. ती शाळेच्या कुंपणाबाहेर ऐकू येत नसे, कारण कोंबड्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. पण भैरोबाची घंटा नऊ मणांची. डोंगरावरून सात गावांना ऐकू जायला हवी होती. तिला तसलीच कंडी लागणार होती. यमुना तेव्हा तान्ही लेक घेऊन माहेरी आलेली. तीन दिवस ओतशाळेत लपून राहा, इतकंच तिला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हसत बाहेर यायचं.

“मग?”

“घंटा सात गावांना ऐकू गेली. कंडी आठव्याला. तिचं सासर आठव्या गावात.”

सासरच्यांनी तिला घरात घेतलं नाही. बाळोबांनी एका शब्दाने सांगायचं होतं की आम्हीच ते पिकवलं. ते सांगितलं नाही, कारण सात गावांना गेलेला नाद ऐकल्यावर त्यांना वाटलं, कंडी मागे घेतली तर घंटा मुकी पडेल. हे सांगताना ते मुशीत सळई फिरवत राहतात, आणि सळई विनाकारण फार वेळ फिरते.

भालचंद्ररावांचं हृदय हलतं. पण खातं हलत नाही. भट्टी पेटलेली आहे, रस तयार आहे, आणि या माणसाच्याच सांगण्याप्रमाणे हा माणूस अशा वेळी खोटं बोलतो.

“म्हणजे आजही घंटा ओतताय. आजची कंडी कोणती?”

“मी मेलो म्हणून.”

“किती लांब गेली?”

“तुझ्या पुस्तकापर्यंत. साल-तिथीसकट.”

भालचंद्रराव हसत नाहीत. आता तर यातला एकही शब्द धरता येणार नाही. ते निघतात. ओतशाळेचा जिना त्यांच्याच राहत्या इमारतीचा आहे, पण घराचा तिसरा मजला येत नाही. प्रत्येक वळणावर भैरोबाचं अंगण येतं, आणि अंगणाच्या मधोमध खड्ड्यात एक बाई लुगडं खोचून साच्याची माती तुडवते आहे. माती, शेण, भाताचं तूस. तिसऱ्यांदा तेच अंगण आल्यावर ती म्हणते, “नुसता बघतोस काय? चपला काढ.”

ते चपला काढून खड्ड्यात उतरतात. माती थंड आहे आणि पाय सोडत नाही. ती बाई त्यांच्याकडे न बघता पाय उचलते, टाकते. माहेरी आली त्या दिवसापासून तिने हेच केलं, असं ती सांगते. तारेचा मुकादम तिने पाहिलासुद्धा नाही. खांब पुरायला लोक आले तेव्हा ती इथे होती, आणि नंतर ओतलेल्या प्रत्येक घंटेच्या साच्याचा मातीचा गाभा याच पायांखालचा.

“याला काही आधार?” भालचंद्रराव विचारतात. चौतीस वर्षांची सवय आहे.

यमुना थांबते.

“एकाच छापील कागदातल्या तीन बातम्या तुझ्यापुढे आल्या. विहिरीला दूध लागलं, ते तुला पटलं नाही. कोंबड्याचंही पटलं नाही. माझं तेवढं लगेच पटलं. त्याला काय आधार होता रे?”

भालचंद्रराव मोजणीचे सगळे नियम मनात चाळतात. ती पुन्हा तुडवायला लागते, आणि तेही तिच्याबरोबर तुडवत राहतात.

“अहो, उठताय ना? देवधरांचा फोन आहे.” सुलभाबाई दारात उभ्या आहेत.

भालचंद्रराव उठतात, बाहेरच्या खोलीत जाऊन फोन कानाला लावतात आणि म्हणतात, पान एकोणतीस. कंस काढा, आतल्या शब्दासकट. त्या जागी घाला: भैरोबाच्या घंटेची माती यमुनेने तुडवली, त्यानंतरच्या प्रत्येक घंटेचीही. आणि परिशिष्टात विहिरीची आणि कोंबड्याची बातमी तिच्या कात्रणाला लागूनच छापा, तिघांना एकाच पानावर बसू दे. देवधरांनी दोन वर्षं या माणसाच्या तळटिपा सोसल्या आहेत. ते सावधपणे विचारतात की तुडवण्याला आधार काय लिहू.

भालचंद्रराव उत्तर द्यायच्या आधी खाली बघतात. पुसून लख्ख केलेल्या फरशीवर, पलंगापासून फोनपर्यंत, ओल्या मातीची पावलं उमटली आहेत. ते वाकतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यातून चिमूटभर काढतात, चोळतात, हुंगतात. शेण आहे. भाताचं तूस आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यांच्या चपला दाराबाहेर कोरड्या पडल्या आहेत.

“लिहा,” ते म्हणतात, “स्थळपाहणी.”

फोन ठेवेपर्यंत सुलभाबाई फडकं आणि बादली घेऊन आल्या आहेत. या वयात दुपारी कुठे भटकून आलात, असं त्या विचारतात आणि पहिल्या पावलाशी बसतात.

“ते राहू दे,” भालचंद्रराव म्हणतात. “आधी सोनूताईंना रिक्षाने बोलावून घे. वाळायच्या आत येऊ देत.”